आगगाडी की मोटार?

बालमित्रांनो,

मागच्या अंकात मी तुम्हाला एक कोडं घातलं होतं. आठवतंय ना? पहिली मोटारगाडी बनवणाऱ्या कार्ल बेन्झचे वडील काय काम करायचे? तुमची खूप पत्रं आली. कुणी लिहिलं लोहार, कुणी लिहिलं टांगेवाले, तर एकाने ‘ते श्रीमंत होते, काहीच करत नव्हते’ असंही लिहिलं! उत्तर फार गमतीचं आहे. कार्लचे वडील आगगाडीचे ड्रायव्हर होते. कार्ल जेमतेम २ वर्षांचा असताना ते वारले. वडील आगगाडी चालवायचे आणि मुलाने मोटार बनवली. म्हणजे ‘आगगाडी की मोटार’ हे भांडण त्या घरातच सुरू झालं म्हणायचं!

हे कोडं मला सुचलं ते कार्लच्याच गावात. जर्मनीच्या नैर्ऋत्येला कार्ल्सरूह नावाचं शहर आहे. माझी धाकटी बहीण तिथे राहते. २०२४ च्या मे महिन्यात आपल्या शाळांना सुट्टी लागली, तेव्हा मी आईला घेऊन तिच्याकडे गेले. घरात बहीण, तिचे यजमान, १४ वर्षांचा भाचा आणि १० वर्षांची भाची. पहिल्याच रात्री जेवताना वाद सुरू झाला.

कार्ल्सरूहच्या दक्षिणेला श्वार्त्सवाल्ड नावाचा डोंगराळ मुलूख आहे. या नावाचा अर्थ ‘काळं रान’. उंच उंच सूचिपर्णी झाडं इतकी दाट की दुपारीसुद्धा खाली अंधार असतो. तिथली खेडी, धबधबे, लाकडी शेतघरं आम्हाला बघायची होती. जायचं कसं?

“मोटारीने!” बहिणीचे यजमान म्हणाले. “ताई, मोटार म्हणजे स्वातंत्र्य. वाटेल तेव्हा निघा, वाटेल तिथे थांबा. आईंना चालायलाही लागणार नाही.”

“नाही, ट्रेनने!” भाची ओरडली. “मोटारीत मला मळमळतं. आणि बाबा, तुम्ही सारखे म्हणता, आत्ता बोलू नका, वळण आहे.”

“अगं, मला कशानेही न्या,” आई म्हणाली, “फक्त गुडघ्यांना विचारून न्या.”

भाचा मात्र हसत होता. म्हणाला, “मावशी, हा वाद इथे १८८८ पासून चालू आहे.” आणि त्याने आम्हाला शाळेत ऐकलेली गोष्ट सांगितली.

कार्ल बेन्झने १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं, पण लोक ती विकत घ्यायला तयार नव्हते. दूरच्या प्रवासाला ही गाडी टिकेल यावर कुणाचा विश्वासच नव्हता. त्याची बायको बेर्टा हिचं माहेर फोर्झहाइमला. तेव्हा मानहाइमहून फोर्झहाइमला आगगाडीने आरामात जाता येत होतं. पण १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे बेर्टाने नवऱ्याला न सांगता मोटार बाहेर काढली आणि ऑयगेन आणि रिचर्ड या आपल्या दोन मुलांना घेऊन ती माहेरी निघाली. शंभराहून जास्त किलोमीटरचा रस्ता, आणि तोही घोडागाड्यांचा!

पेट्रोलपंप तर कुठेच नव्हते. वीसलोख या गावी तिने औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. तेव्हा ते कपड्यांवरचे डाग काढायला वापरत. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन घालून मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना कातडं लावून घेतलं. चढ आला की खाली उतरून गाडी ढकलायची. शेवटी संध्याकाळी पोचली आणि नवऱ्याला तार केली. मोटारीने केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास तो हाच. परत आल्यावर चढ चढता यावा म्हणून गाडीला आणखी एक गिअर बसवला गेला.

“बघा,” यजमान म्हणाले, “मोटारच जिंकली!”

“पण बाबा,” भाची म्हणाली, “ट्रेनने गेली असती तर ढकलावं लागलं नसतं.”

आता हसून हसून वाद मिटेना, तेव्हा मी शाळेतल्या सवयीने कागद-पेन घेतलं. म्हटलं, भांडण नको, गणित मांडू. चार प्रश्न लिहिले. कोण कोण जाणार? कुठे जायचं? शेवटचा टप्पा कसा करायचा, म्हणजे स्टेशनातून किंवा मोटारतळापासून पुढे किती चालायचं? आणि परत कसं यायचं? तुम्हीही हे चार प्रश्न लिहून ठेवा, पुढे लागतील.

पहिली सहल ट्रिबेर्गची ठरली. हे डोंगरातलं छोटं गाव धबधब्यासाठी प्रसिद्ध आहे. धबधबा एकूण १६३ मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने उतरतो. कागदावर उत्तरं लिहिली. मोटारीने दीड तासाच्या आसपास, आगगाडीनेही साधारण तेवढाच. आगगाडी थेट जाते, मध्ये बदलावी लागत नाही. कामाचा दिवस असल्यामुळे बहीण येणार नव्हती. भाच्याकडे शाळकरी मुलांचा वर्षाचा पास होता. उरलो आम्ही चौघं. त्या राज्यात दिवसभराचं एक तिकीट मिळतं, त्यावर पाच जणांपर्यंत मिळून राज्यातल्या सगळ्या साध्या गाड्यांनी फिरता येतं. अट एकच, सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतर निघायचं. म्हणजे कामावर जाणाऱ्यांची गर्दी ओसरली की मग सहलीवाल्यांनी यायचं. मला ही अट फार शहाणपणाची वाटली.

तिथल्या स्टेशनांची एक गंमत सांगते. फलाटावर जायला कुणी अडवत नाही. फाटक नाही, तिकीट तपासनीस दारात उभा नाही. तिकीट मात्र गाडीत चढण्याआधी घ्यायचंच. तपासनीस गाडीत केव्हाही येतो आणि तिकीट नसलं तर ६० युरो दंड! लहान स्टेशनांत तर माणूसच नसतो, नुसतं तिकिटाचं यंत्र. गाडीचे दरवाजे आपोआप उघडतीलच असं नाही, दारावरचं बटण दाबायचं. काही आडमार्गांवर तर त्याहून मजा. कुणी आतून बटण दाबलं किंवा फलाटावर कुणी उभं असलं तरच गाडी थांबते, अगदी आपल्या एस.टी.च्या विनंती थांब्यासारखी.

आणखी एक युक्ती. बऱ्याच मार्गांवर गाडी दर तासाला त्याच मिनिटाला सुटते. म्हणजे ९ वाजून १० मिनिटांनी असेल तर १० वाजून १० मिनिटांनी, ११ वाजून १० मिनिटांनी... सगळं वेळापत्रक पाठ करायला नको. एक मिनिट लक्षात ठेवलं की दिवस लक्षात राहतो.

ऑफेनबुर्ग गेलं आणि डोंगर जवळ आले. हॉर्नबेर्गपासून खरी मजा सुरू झाली. आगगाडीला मोटारीसारखा उभा चढ चढता येत नाही. लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर घसरतं ना! मग डोंगर चढायचा कसा? रोबेर्ट गेर्विग नावाच्या इंजिनिअरने उपाय शोधला. त्याने रूळ सरळ वर न नेता डोंगराला वळसे घालत नेले. हॉर्नबेर्गपासून घाटाच्या माथ्यापलीकडचं सांक्ट गेऑर्गेन सरळ रेषेत ११ किलोमीटरवर आहे, पण रूळ आहेत २६ किलोमीटर. माथ्यापर्यंतची चढण ४४८ मीटर. हा सबंध मार्ग १८७३ मध्ये पुरा झाला. त्यावर ३९ बोगदे आहेत. आपल्याकडे कर्जतहून खंडाळ्याला जाताना मुलं बोगदा आला की ओरडतात, तसंच भाचीचं चाललं होतं. एक लाल छपराचं घर आधी आम्हाला डोक्याच्या वर दिसलं, मग बोगद्यातून बाहेर आलो तर शेजारी, आणि पुढच्या बोगद्यानंतर थेट पायाखाली! “आजी, घर खाली गेलं!” भाची म्हणाली. आई खिडकीला नाक लावून बसली होती. गुडघ्यांचं नावही नाही.

यजमानही खिडकीतून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “या रस्त्याने मी पाच-सहा वेळा मोटारीने आलोय. पण हे सगळं आज पहिल्यांदा पाहिलं. मी नेहमी रस्ताच बघत असतो.”

पण लगेच आगगाडीला पैकीच्या पैकी गुण देऊ नका हं. ट्रिबेर्गचं स्टेशन दरीत खाली आहे आणि गाव चढावर. धबधब्यापर्यंत दीडेक किलोमीटर चढण. आईसाठी बसची वाट बघावी लागली. हाच तो तिसरा प्रश्न, शेवटचा टप्पा! खेड्यांच्या प्रवासात ९० किलोमीटर सोपे असतात, अवघड असतो तो शेवटचा एक.

दुसरी सहल गुटाखच्या शेतघरांच्या संग्रहालयाची. जुन्या काळची लाकडी शेतघरं जशीच्या तशी उभी केली आहेत. त्यातलं एक तर १६१२ सालापासून त्याच जागेवर आहे. एकाच मोठ्या छपराखाली माणसं, गुरं आणि वर गवताचा साठा. गुरांच्या उबेने माणसांचं घर गरम राहायचं. इथे शेवटच्या टप्प्याचा प्रश्नच नव्हता, कारण संग्रहालयाच्या शेजारीच आगगाडीचा थांबा आहे. फक्त हाउसाख स्टेशनात गाडी बदलायची. आम्ही चौघं गेलो, मी, आई आणि दोघं मुलं.

परत येताना हाउसाखला उतरलो. पुढच्या गाडीला थोडा वेळ होता. मीच म्हटलं, “चला, आइस्क्रीम खाऊ.” दुकानात रांग होती. आम्ही हातात कोन घेऊन धावत आलो, तर गाडीचा शेवटचा डबा वळणावर दिसेनासा होत होता. चूक माझीच. पुढची गाडी तासाभराने. मगाशी सांगितलं ना, गाडी दर तासाला त्याच मिनिटाला? त्याची दुसरी बाजू ही. एक मिनिट चुकलं की तास गेला!

बाकावर एक आजीबाई बसल्या होत्या. पायाशी भाजीची पिशवी. माझ्या आईकडे बघून हसल्या. आईला जर्मन येत नाही, त्यांना मराठी येत नाही, पण दोघी गुडघ्यांवर हात ठेवून एकमेकींना काय ते समजल्या! मग भाच्याने मध्ये बसून दुभाष्याचं काम केलं.

त्या आजीबाई डोंगरातल्या एका खेड्यात राहत होत्या. तिथे रेल्वे नाही. चाळीस वर्षं त्यांनी स्वतः मोटार चालवली. मग डोळ्यांना कमी दिसू लागलं, तेव्हा कुणी सांगायच्या आधी आपणच किल्ली मुलाच्या हातात दिली. आता बाजारहाट, डॉक्टर, सगळं बसने. एरवी दुपारी शाळा सुटली की मुलांना घरी नेणारी बस असते, तिच्यातून त्या परत जातात. पण त्या आठवड्यात तिथल्या शाळांना सुट्टी होती. शाळा नाही तर ती बसही नाही. पुढची बस दोन तासांनी.

“वेळापत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, फक्त शाळेच्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “माझं वय ८१. पण अजून मी शाळेच्या घंटेवरच जगते.”

त्या हसत म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही. जर्मनीबद्दल आपण ऐकतो ते सुसाट रस्त्यांबद्दल. तिथल्या महामार्गांवर काही भागांत वेगमर्यादाच नाही, ताशी १३० ही फक्त सूचना आहे. पण त्या वेगाचा या आजीबाईंना काय उपयोग? त्यांना हवी होती दुपारची एक साधी बस.

आमची गाडी आली तेव्हा त्या अजून बसलेल्याच होत्या. आईने पिशवीतला शेवटचा बेसनाचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला.

तिसरी सहल रविवारी. या वेळी मोटार! श्वार्त्सवाल्डच्या माथ्यावरून एक रस्ता जातो. त्याच्या कडेला १,००० मीटरहून जास्त उंचीवर मुम्मेलझे नावाचं छोटंसं तळं आहे. तिथवर रेल्वे नाही. बस आहे, पण मोजकी. कागदावर उत्तर स्वच्छ आलं: मोटार.

मोटारीत जागा पाच आणि आम्ही सहा. भाच्याची फुटबॉलची मॅच होती, तो म्हणाला, “तुम्ही जा.” भाचीला तिच्या उंचीची वेगळी खुर्ची मोटारीत बांधावी लागली. १२ वर्षांपर्यंतची, दीड मीटरपेक्षा कमी उंचीची मुलं अशा खुर्चीशिवाय बसवायची नाहीत, असा कायदाच आहे. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे मला प्रत्येक वळणावर धडकी भरायची. गावात ताशी ५०, गावाबाहेर १०० ही मर्यादा, आणि घरांच्या गल्ल्यांत बऱ्याच ठिकाणी ३०. यजमान ती काटेकोर पाळत होते.

वाटेत एका गावात जेवायला थांबलो. तिथे भाचीला एक मानाचं काम मिळालं. मोटारीत एक निळी तबकडी असते, घड्याळाचं चित्र असलेली. काही जागी मोटार फुकट उभी करता येते, पण ठरावीक वेळच. आपण किती वाजता आलो ते तबकडीवर लावायचं आणि काचेमागे ठेवायचं. वेळ नेहमी पुढच्या अर्ध्या तासाची लावायची. ११ वाजून १० मिनिटांनी आलात तर साडेअकरा. म्हणजे २० मिनिटं बक्षीस! भाचीने तीनदा तपासून तबकडी ठेवली.

तळं सुंदर होतं. काळंभोर पाणी, भोवती उंच झाडं. मोटार अगदी जवळ गेली, आईला दोन मिनिटंसुद्धा चालावं लागलं नाही. ती बाकावर बसून पाणी बघत राहिली. मोटार नसती तर तिला हे तळं दिसलंच नसतं, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. पण रविवार असल्यामुळे सगळं राज्यच तळ्यावर लोटलं होतं! मोटार उभी करायला जागा मिळेपर्यंत आम्ही वीस मिनिटं गोल गोल फिरलो. आणि परतीच्या वळणांवर भाचीला... जाऊ दे, ते लिहीत नाही.

घरी आलो तर भाचा अजून आला नव्हता. त्याची मॅच ब्रेटेन या गावी होती, कार्ल्सरूहपासून बरंच बाहेर. मी काळजीत पडले, “एकटाच गेलाय?” बहीण शांत. “ट्रामने गेलाय, ट्रामने येईल.”

ही ट्राम म्हणजे कार्ल्सरूहची शान आहे. शहरात रस्त्यातून दुकानांसमोरून धावते आणि शहर संपलं की तीच ट्राम आगगाडीच्या रुळांवर चढून खेड्यांकडे जाते! सोपं नव्हतं ते. शहरातल्या तारांत ७५० व्होल्टचा एकदिश प्रवाह आणि रेल्वेच्या तारांत १५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह. दोन्हींवर चालेल अशी गाडी बनवावी लागली. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये अशी पहिली गाडी ब्रेटेनला गेली. आधी खेड्यातल्या माणसाला स्टेशनावर उतरून शहरासाठी गाडी बदलावी लागे. आता घराजवळ बसायचं ते बाजारात उतरायचं. मग काय, प्रवासी कित्येक पटींनी वाढले. पुढे दुसऱ्या शहरांनीही ही कल्पना उचलली.

भाचा आला, चांगला दीड तास उशिरा. मॅच हरले होते, पण उशिराचं कारण वेगळं होतं. त्याच्या संघातला एक मुलगा आडवाटेच्या खेड्यात राहतो. तिथे ट्राम जात नाही आणि रविवारी बस नाही. त्याचे बाबा कामावरून सुटून मोटार घेऊन येईपर्यंत तो मैदानावर एकटाच थांबणार होता. म्हणून भाचा त्याच्यासोबत थांबला.

“मावशी,” भाचा म्हणाला, “तो चांगला खेळतो. पण पुढच्या वर्षी खेळणार नाही म्हणतो. दर वेळी बाबांना विचारायचं, आईला विचारायचं. मोटार चालवायला अजून चार वर्षं आहेत.”

जर्मनीत एकट्याने मोटार चालवायचा परवाना १८ व्या वर्षी मिळतो. १७ व्या वर्षी मिळतो, पण तेव्हा शेजारी मोठं माणूस लागतं. म्हणजे १४ वर्षांचा हा मुलगा आणि ८१ वर्षांच्या त्या आजीबाई, दोघांचं दुखणं एकच! मोटार म्हणजे स्वातंत्र्य, हे यजमानांचं म्हणणं खरंच आहे. पण ज्याच्या हातात किल्ली आहे त्याचं स्वातंत्र्य. ज्याला अजून चालवता येत नाही आणि ज्याला आता चालवता येत नाही, त्यांचं काय?

मी हे यजमानांना म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ताई, माझ्या आईलाही गावी हाच त्रास होता. मी विसरलो होतो.”

जर्मनीत १९९४ नंतर पाच हजारांहून जास्त किलोमीटर रेल्वेमार्ग बंद झाले. प्रवासी थोडे, खर्च जास्त, हे कारण. प्रवासी थोडे म्हणून गाड्या कमी केल्या, गाड्या कमी म्हणून लोकांनी मोटारी घेतल्या आणि मोटारी आल्या म्हणून प्रवासी आणखी थोडे झाले. हे चक्र एकदा फिरू लागलं की थांबवणं अवघड. पण काही ठिकाणी लोकांनी ते उलटं फिरवलं. ब्रेटेनची ट्राम हे एक उदाहरण. काल्व नावाच्या गावाचा मार्ग हे दुसरं. तिथल्या प्रवासी गाड्या १९८३ मध्ये थांबल्या होत्या. तो पुन्हा सुरू करायला घेतला, तर जुन्या बोगद्यांत वटवाघळांनी घर केलेलं! मग बोगद्याच्या आत भिंत घालून त्यांच्यासाठी वेगळी जागा राखली. आगगाडीने वटवाघळांनाही विचारलं म्हणायचं.

तिकिटांचेही नवे प्रयोग झाले. २०२२ मध्ये जून ते ऑगस्ट असे तीन महिने फक्त ९ युरोत महिनाभर देशातल्या सगळ्या साध्या गाड्या, बस आणि ट्राम वापरता येत होत्या. मे २०२३ पासून ४९ युरोंचं मासिक तिकीट आलं. जानेवारी २०२५ मध्ये ते ५८ युरो झालं आणि जानेवारी २०२६ मध्ये ६३. श्वार्त्सवाल्डमध्ये शंभराहून जास्त गावांत मुक्काम केला तर पाहुण्यांना एक कार्ड मिळतं, त्यावर बस आणि साध्या गाड्या फुकट. पण स्वस्त तिकीट हातात असूनही गावात बसच येत नसेल तर ते तिकीट चाटायचं का? आधी गाडी हवी, मग तिकीट.

जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात, असं मीही वर्गात सांगत असे. आता सांगत नाही! २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी शंभरातल्या साधारण ६२ गाड्या वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला तरी तिथे त्याला ‘वेळेवर’च म्हणतात. तेव्हा गाडी बदलायची असेल तर मध्ये थोडा वेळ मोकळा ठेवावा. (आणि त्या वेळात आइस्क्रीमच्या रांगेत उभं राहू नये.)

तर मग आगगाडी की मोटार? आमच्या कागदावर शेवटी काय उरलं ते सांगते. गाव रुळांवर असेल, रस्ता डोंगरातला असेल आणि सगळ्यांनाच खिडकीतून बघायचं असेल, तर आगगाडी. जागा आडवाटेची असेल, बरोबर न चालणारं माणूस असेल, सामान खूप असेल आणि मोटार भरलेली असेल, तर मोटार. एकट्या माणसासाठी आख्खी मोटार नेणं मात्र पेट्रोलचीही नासाडी आणि हवेचीही. आणि दोन्ही एकत्रही करता येतं. स्टेशनापर्यंत मोटार, पुढे गाडी. आमच्या यजमानांनी परवा पत्रात तेच लिहिलंय. आता ते दर शनिवारी त्या आडवाटेच्या खेड्यात मोटार नेतात, भाच्याच्या मित्राला ट्रामच्या थांब्यावर सोडतात आणि परत येतात. तो मुलगा अजून खेळतोय.

आता तुमचं काम. तुमच्या गावातून तालुक्याला जाणारी शेवटची एस.टी. किती वाजता असते? सुट्टीच्या दिवशी ती येते का? तुमच्या घरात किंवा शेजारी असं कोण आहे, ज्याला ती चुकली तर दुसरा काहीच उपाय नाही? त्यांना विचारा आणि मला लिहून पाठवा. चांगली पत्रं आपण छापू.

आणि पुढच्या अंकासाठी कोडं: जिथून बेर्टा निघाली त्या मानहाइममध्येच १८१७ साली एक दोनचाकी वाहन पहिल्यांदा धावलं. त्याला इंजिन नव्हतं, घोडा नव्हता, इतकंच काय, पॅडलही नव्हतं! ते कोणतं आणि चालायचं कसं? विचार करा. मोठ्यांना लगेच विचारू नका.

तुमच्या,
बाई